खोसा, आर्मेनियन आणि भुसावळचं पाणी

शिंदखेडा
५ जानेवारी २०२५

चि. दिपमाला,

अक्काचा पोटभर आशीर्वाद. पत्र लिहायला कारण काय, तर तुझं पत्र आलं हेच कारण. गिरधर पोस्टमन म्हणाला, "अक्का, जळगावनं पत्र शे, वाची दाखाडू का?" मी म्हटलं, "मन्हं मी वाचसू. चौथी शिकेल शे मी." खरं तर तिसरी, पण त्याला काय करायचं ते. फोनवर मला ऐकू येत नाही म्हणून नात मुद्दाम पत्र लिहिते, हे मात्र त्याला दोनदा सांगितलं.

तर तुझ्या त्या दोन भाषा. एक खोसा, आफ्रिकेच्या पार खालच्या टोकाला. दुसरी आर्मेनियन, तुर्कस्तानाच्या शेजारच्या डोंगरात. दोघींचं नातं नाही, गोतं नाही, बांधाला बांध नाही, अन् तू दोघींना एका पाटावर बसवून तुलना करतेस आणि त्याची पदवी मिळते! आम्ही दोन सुनांची तुलना केली तरी आठ दिवस चूल वेगळी व्हायची.

खोसात जीभ वाजवायची अक्षरं आहेत असं तू लिहिलंस. मी ओट्यावर बसून करून बघितली. दातांमागची 'च्च' जमली. टाळूवरची 'टक्' नाही जमली, कवळी हलते. भिकुबाई समोरून विचारते, "अक्का, दातमा काही अटकनं का?" तिसरी, गालाच्या बाजूची, ती मात्र एका फटक्यात! तुझे आबा बैल हाकताना तसंच करायचे. मी केलं तर शेळी उठून उभी राहिली. तिला खोसा येते म्हणायची.

आर्मेनियनमध्ये दाराला 'दुर' म्हणतात हे मी तुझ्या आईला वाचून दाखवलं. म्हटलं, "सारिका, देख, ह्या ते आपला सोयरा निंघनात." ती हसली. अन् भाकरी थापत राहिली, तुला ठाऊकच आहे ती.

पण खरी मजा पुढं. खोसा बाई लग्न होऊन आली की सासऱ्याचं नाव घेत नाही. नावच काय, त्या नावातला आवाज ज्या शब्दात येईल तो शब्दही टाकते अन् दुसरा शोधते. सासरी तिचं नावही बदलतात. अन् आर्मेनियात जुन्या काळी सून सासू-सासऱ्यांपुढं वर्षानुवर्षं बोलायचीच नाही, तोंडावर फडकं अन् सगळं हाताच्या खुणांनी. अगं, यात शिकायचं काय? हे मला विचार! माहेरी मी बिजली होते, इथं येऊन वच्छला झाले. तुझ्या आबांचं नाव मी तोंडानं घेत नाही, कागदावरही लिहीत नाही. आपल्या घरात पाणी प्यायच्या भांड्याला आम्ही बाया गडू म्हणतो आणि दार 'सरकाव' म्हणतो, यावरून कळेल तुझ्या त्या लोकांना.

आणि तुझी आई तर माझ्याहून पक्की. भुसावळचं आठवतं का तुला? साडेचार वर्षांची होतीस. यावलला माझ्या भाचीच्या लग्नाला आपण बाया आधी निघालो, तुझे वडील मागच्या गाडीनं येणार होते. भुसावळला उतरताना गर्दीत तुझा हात सुटला. तू पोलिसांच्या खोलीत नीट होतीस. कोणाची म्हणून विचारलं तर आबांचं नाव सांगत होतीस. पोलीस म्हणाला, पोरीनं जे नाव सांगितलं तेच तुम्ही सांगा, मग पोरगी देतो. बरोबरच होतं त्याचं, कुणीही येऊन लेकरू घेऊन जाईल. पण दिपमाला, दोन तास! दोन तास तुझी आई उभी राहिली, पण सासऱ्याचं नाव काही काढलं नाही. वर पोलिसानं पाणी दिलं ते पिऊन घेतलं! शेवटी तुझ्या वडिलांनी येऊन नाव सांगितलं. अजून भावकीत ही गोष्ट सांगते मी. घाल तुझ्या निबंधात.

तू एक फेब्रुवारीला धुळ्याच्या कॉलेजात निबंध वाचणार, तर आम्ही दोघी ऐकायला येणार. सारिकानं निळी साडी काढून ठेवली आहे.

तुझी अक्का

*

जळगाव
१२ जानेवारी २०२५

ती. अक्कास नमस्कार.

तुझी शेळी मी वर्गात सांगितली. पोरं खूप हसली.

आणखी एक गंमत सांगते. खोसा आणि आर्मेनियन, दोन्ही भाषांत 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द आहे. आपल्यासारखं बाई-पुरुष वेगळं काढत नाहीत. तरी गप्प बसायची पाळी दोन्हीकडे बाईवरच आली. हे माझ्या निबंधाचं पहिलं वाक्य आहे. आपल्या घरचंही घातलंय. आबांचं नाव लोटन, म्हणून आपल्याकडे लोटा नाही आणि कोणी दार लोटत नाही. पणजोबांचं नाव पुना, म्हणून तू कधी 'पुन्हा' म्हणत नाहीस, 'परत' म्हणतेस. खोसा बायका हेच करतात, अगदी हेच.

भुसावळचं आठवतं का, विचारलंस. आठवतं. आणि ते आधीच निबंधात आहे, अक्का. तू सांगतेस तसं नाही.

मी आतल्या खोलीत होते, खिडकीला जाळी होती. मी 'आई' म्हणून ओरडत होते, पण बाहेर गाड्यांचा आवाज. पोलीस तिला विचारत होता, ही कोणाची. आई काही बोलली नाही. मग त्यानं तिला पाणी दिलं आणि ती प्यायली. मी रडत होते आणि आई पाणी पीत होती. मला गाडीचं आठवत नाही, लग्नाचं आठवत नाही, एवढंच आठवतं. अडीच तासांवर राहून मी घरी का येत नाही, असं तू दर दिवाळीला विचारतेस. हे कारण.

निबंधात मी नाव घातलेलं नाही. 'एका आईला रीत लेकरापेक्षा मोठी वाटली' एवढंच लिहिलंय. पण तुम्ही समोर बसलात तर आईला कळेल. म्हणून येऊ नका असं मी म्हणणार नाही. आलात तर ऐका.

दिपमाला

*

शिंदखेडा
१८ जानेवारी २०२५

चि. दिपमाला,

तिळाचे लाडू शेजारच्या भूषणबरोबर पाठवते आहे, यंदा गूळ जरा कडक झाला. हरभरा बरा आहे. भिकुबाईच्या नातवाचं जमलं, मुलगी पारोळ्याची, दात पुढं आहेत पण स्वभाव चांगला म्हणतात. थंडी फार पडली. परवा शेतात भरीत केलं, कळण्याची भाकरी, तुझी आठवण काढली.

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. सारिकाला वाचून दाखवलं नाही. चष्मा सापडत नाही असं सांगितलं. चष्मा डोळ्यावरच होता.

बाई, ते पाणी तसं नव्हतं. मी तिथं होते ना. पोलिसाच्या टेबलावर पितळेचं भांडं होतं, ज्याला आपण गडू म्हणतो ते. तुझी आई त्याच्याकडं बोट दाखवत होती. नाव घेता येत नाही, तर वस्तू दाखवायची, म्हणजे समोरच्यानं ओळखावं. आपल्या बाया असंच करतात. ते तुझ्या आर्मेनियन बायांसारखंच की! पण तो पोलीस नागपूरकडचा, त्याला काय कळणार. त्याला वाटलं बाई तहानली. त्यानं भरून दिलं. तेव्हा मला हसू आलं होतं, अन् तुला हसवायला म्हणूनच मी ते लिहिलं होतं. तुला रडू येईल हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

तर ते पान तू वाचू नकोस. त्याऐवजी शेळीचं वाच.

आम्ही येणारच आहोत. तुझ्या आईनं साडीला इस्त्री करून आणली, सारखी घडी उघडून बघते. तिला वाटतं तू बोलावलंस.

अक्का

*

जळगाव
२३ जानेवारी २०२५

ती. अक्कास,

लाडू पोचले. भूषण चार खाऊन गेला.

तुझं पत्र वाचून मी आईला फोन केला. पाच महिन्यांनी. भांड्याचं विचारलं. ती म्हणाली, "हो, दाखवलं होतं." मी म्हटलं, मग नावच का नाही सांगितलं? तिकडे भांडी घासल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तसंच होतं ते, बेटा." आणि जेवलीस का म्हणून विचारलं.

भांड्याचं मी निबंधात घालीन, ते खरं आहे आणि तिचा तेवढा हक्क आहे. पण ते वाक्य मी काढणार नाही. कारण मला अजून एक आठवलं. त्या टेबलावर पेन होता. निळ्या झाकणाचा, दोरीनं बांधलेला. आई सातवी शिकलेली. नाव तोंडानं घ्यायचं नव्हतं तर लिहायचं. तू लिहीत नाहीस, पण आपल्याकडे बाकीच्या बायका पत्रावर नवऱ्याचं, सासऱ्याचं नाव लिहितातच. दोन तासांत एकदाही तिच्या मनात आलं नाही? तू मागेच उभी होतीस ना, अक्का. तूच सांग.

दिपमाला

*

शिंदखेडा
२८ जानेवारी २०२५

दिपमाला,

हे पोस्टात टाकत नाही. भूषण सकाळच्या गाडीनं येतो आहे, त्याच्या हाती देते. वाटेत फोडलंस तर हात मोडीन म्हणून सांगितलंय.

तिच्या मनात आलं होतं. पोलिसानं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाच आलं होतं. तिनं तो पेन उचलला. कागद पुढं ओढला. पहिलं अक्षर निम्मं काढलं सुद्धा. मी मागून तिचं मनगट धरलं. असं धरलं की दोन बांगड्या फुटल्या. मी म्हटलं, "लिखं काय अन् बोलं काय, एकच शे. बठ्ठ्या देखी राह्यन्यात." लग्नाला निघालेल्या आपल्या भावकीच्या चार बाया दारात उभ्या होत्या. उद्या मांडवात त्या म्हणाल्या असत्या, वच्छलाच्या सुनेनं पोलिसाजवळ सासऱ्याचं नाव मांडलं. मला त्या चार बायांची भीती वाटली. तू आत आहेस, तू कुठं जातेस, तुझा बाप येईलच, असं मी मनात धरलं. तुझं रडणं मला ऐकू येत होतं, बरं का. तेव्हा माझे कान चांगले होते.

मी सोडलं नाही तिचं मनगट. पेन खाली पडला. मग तिनं दुसऱ्या हातानं ते भांडं दाखवलं.

तू लिहिलंस, त्या खोसा बायांना एक शब्द बंद केला तर त्या दुसरा करून घ्यायच्या, अन् ऐकणाऱ्याला तो कळायचा. आर्मेनियाच्या बायांचं तोंड बांधलं, पण हात तरी त्यांचे होते. हे मी तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मजेनं वाचलं. आता ते पत्र उशीखाली ठेवते, तेही उलटं. आम्ही तर हातच धरला. कोणत्या देशात असं करतात, तुझ्या पुस्तकात बघ.

वर ही गोष्ट मी लग्नात सांगितली, बारशात सांगितली, डोहाळेजेवणात सांगितली. चोवीस वर्षं. मनगटाचं तेवढं गाळून. दरवेळी ती तिथंच असायची, कोणाला तरी चहा देत. एकदाही म्हणाली नाही, अक्का, पुरं सांगा.

काल तिला सगळं सांगितलं. तुझी पत्रंही वाचून दाखवली. ती भाकरी थापत होती. मी म्हटलं, मी दिपमालाला खरं लिहिते आहे. मला वाटलं ती रडेल, नाहीतर निदान बरं वाटेल तिला. ती रागावली, दिपमाला! एकतीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, "आते कसाले सांगतस? हात तुमीन धरेल व्हता, अक्का. तोंड ते मन्हं मोकळं व्हतं ना?" अन् भाकरी तव्यावर टाकली ती उलटायची विसरली. कोळसा झाला तिचा.

म्हणजे तीही स्वतःलाच धरून बसली आहे. मी समजत होते ती माझी लाज झाकते. ती तिची स्वतःची झाकत होती, अन् तिच्या पदराखाली माझी आयती झाकली जात होती.

निबंध तुझा आहे. तुला वाटेल ते वाच. फक्त ते वाक्य वाचायचं असेल तर 'एका आईला' नको लिहूस. 'एका सासूला' लिही. नाव घातलंस तरी चालेल.

आम्ही येतो आहोत. ती म्हणाली, "जाऊत. जे वाची ते ऐकूत."

अक्का

*

जळगाव
३ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,

धुळ्याला सगळ्यांसमोर बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

ते पान मी वाचलं नाही. फाडलंही नाही, पिशवीत आहे. 'सासूला' लिहून बघितलं, तेही वाचता आलं नाही. खोसा आणि आर्मेनियनपाशी थांबले. 'तिसऱ्या एका घराबद्दल सांगायचं होतं, पण मला ते घर नीट माहीत नाही' असं म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं वेळ संपला.

तुझं पत्र मी जळगाव स्टेशनवर उभ्यानं वाचलं, भूषण समोर वडा खात होता. मला तुझा राग आला, खोटं कशाला लिहू. मग रात्री माझाच आला. मी भाषा शिकते, अक्का. बायका बोलत नाहीत तेव्हा कशा बोलतात, यावर माझं सहा वर्षांचं काम आहे. जगातल्या दोन टोकांच्या बायकांच्या खुणा मी वाचल्या आणि माझ्या आईनं भांड्याकडे दाखवलेलं बोट मला तहान वाटली. त्या पोलिसाला वाटली, तशीच. तो तर परका होता.

जेवणाच्या वेळी आईजवळ गेले. माफ कर म्हणायचं होतं. 'साडी छान आहे' म्हणाले. ती म्हणाली, निळी आहे.

एक विचारायचं आहे. तुम्ही आत आलात तेव्हा आई पुढे होती आणि तू मागे, दोन्ही हात शालीत घट्ट. आईचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. दारात काय झालं?

दिपमाला

*

शिंदखेडा
८ फेब्रुवारी २०२५

चि. दिपमाला,

तुझा राग आला हे बरं झालं. नसता आला तर मला वाटलं असतं की तू आमच्यातलीच झालीस.

दारात काय झालं ते सांगते. एसटीनं धुळ्याला उतरलो, रिक्षावाला दोनदा चुकला, ते सोड. तुमच्या हॉलच्या दारात टेबल मांडलं होतं. एक पोरगी, ओठाला लाली, समोर रजिस्टर. आलेल्यानं नाव लिहायचं. अन् दिपमाला, टेबलावर पेन. दोरीनं बांधलेला.

सारिकानं माझ्याकडं बघितलं. मी माझे दोन्ही हात शालीत घेतले अन् एकमेकांना धरून ठेवले. थंडी नव्हती. ते हात मला बाहेर नको होते.

तिनं पेन उचलला. स्वतःचं नाव लिहिलं, पुरं, तुझ्या वडिलांच्या नावासकट. मग खालच्या ओळीवर माझं लिहिलं. तिचं अक्षर बारीक, त्यात पेनची दोरी आखूड. ती पोरगी म्हणते, "काकू, आजीचं मधलं नाव लागत नाहीये. काय आहे, सांगता का?"

मागं रांग लागली होती. सगळे ऐकत होते. प्रोफेसर लोक, पोरं-पोरी. चार बायांपेक्षा कितीतरी जास्त.

सारिकानं सांगितलं. मोठ्यानं, सरळ. एका श्वासात झालं. पोरगी 'थँक यू' म्हणाली अन् पुढच्या माणसाकडं वळली. आभाळ आहे तिथंच होतं. कोणी मान वर करून बघितलं नाही. एवढंसं होतं ते, दिपमाला. एवढ्याशासाठी दोन तास, अन् वर चोवीस वर्षं. मला तिथंच खाली बसावंसं वाटलं. ती माझी लाज मी आत हॉलमध्ये घेऊन आले, तुझ्या समोर तिसऱ्या रांगेत बसवली, अन् घरीही घेऊन आले. भावकीत परवा साखरपुडा होता. बाया म्हणाल्या, अक्का, भुसावळचं सांगा ना. मी सांगितलं. मनगटासकट. एक जण उठून गेली. बाकीच्या आपापल्या हातांकडं बघत बसल्या. सारिका चहा घेऊन आली ती या वेळी खाली बसली, शेवटपर्यंत ऐकलं, अन् म्हणाली, "बांगड्या तीन फुटेल व्हत्यात, अक्का. दोन नही." मी म्हटलं, बरं, तीन.

तुला माफ कर म्हणता आलं नाही, म्हणतेस. मलाही तिला आलेलं नाही अजून. हे मी तुला लिहिते, तिला कुठं म्हणते. पण पुढच्या शनिवारी ये. गाडीनं ये, शिंदखेड्याला उतर. आई स्टेशनवर येईल, मी येणार नाही. मी घरी भरीत करते. ती निळी साडी नेसली असेल, ओळखायला सोपं.

खाली सही करते आहे. तशी सही आजवर केली नाही, बँकेतही अंगठाच देते. अक्षर वेडंवाकडं झालं तर मधलं नाव आईला विचार. ती सांगेल.

वच्छलाबाई लोटन पाटील